शालवाल्याचा पाचवा डाव

११ फेब्रुवारी २००४

लिहायचं एक जानेवारीपासून ठरलं होतं. ही डायरी आखाडा बाळापूरच्या खताच्या दुकानातली. भाभीनं मागून आणली आणि माझ्या हातात देऊन म्हणाली, "खेमा, रोज चार ओळी लिहीत जा. जीव एका जागी राहते." मी व्हय म्हणालो, पहिल्या पानावर नाव टाकलं (खेमा भीमसिंग राठोड, वय तेवीस, नववी नापास), आणि रिफिल संपली. रिफिल आणायला बाळापूरला गेलो तर ओळखीचा एक टेम्पो कळमनुरीला निघाला होता. म्हटलं, बसून येऊ. रिफिल राहिली. पुढच्या खेपेला रिफिल आणली तर डायरी सापडेना. असे एक्केचाळीस दिवस गेले. आळस म्हणा, दुसरं काही नाही.

आज ती शेंगदाण्याच्या डब्यामागं सापडली. मी तिथं ठेवल्याचं काही आठवत नाही.

आमी बंजारा, घरात गोरमाटी बोलतो. पण मला लिहिता मराठीच येतं, म्हणून सगळ्यांच्या तोंडात मराठी घालून राहिलो. कोणी वाचणार तर नाहीच.

१२ फेब्रुवारी

काल मुद्द्याचं राहूनच गेलं. मी तीन वर्षं घरी नव्हतो. ट्रकवर क्लीनर होऊन इंदूर, मग नाशकात द्राक्षं, हैदराबादला फरशी, शेवटी सुरतेत साड्यांचे गठ्ठे. जाताना कोणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर याडीनं, म्हणजे माझ्या आईनं, जाऊ दिलं नसतं. याडी वारली तेव्हा मी सुरतेत होतो आणि मला ते दीड महिन्यानं कळलं. माझा पत्ता कोणाकडंच नव्हता.

आलो तेव्हा दिवाळी होऊन गेली होती. बापूनं एक शब्द विचारला नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तो रोज सकाळी उठला की आधी दारात येतो, माझ्या चपला बघतो, मग तोंड धुवायला जातो. चपलांत काय बघायचं असतं ते त्यालाच माहीत.

सुरतेहून मी एक टीव्ही गेम आणलाय. दोन रिमोट, एक वायर, आणि कॅसेट एकच. फुटपाथवरच्या म्हाताऱ्यानं देताना सांगितलं होतं, "ले जा बेटा, इसका एन्ड आज तक किसी ने देखा नहीं." मला वाटलं माल खपवायला बोलून राहिला. खरं बोलत होता.

१४ फेब्रुवारी

गेमबद्दल लिहितो. एक हिरो आहे, तोंडावर पट्टी, खांद्यावरून मागं उडणारी शाल. कॅसेटीवर चित्र आहे पण हिरोचं तोंड घासून गेलंय. नाव चिमणीच्या पायाच्या ठशांसारख्या अक्षरांत लिहिलंय, ते आमच्या पाच-पन्नास कोसांत कोणाला वाचता येणार नाही. म्हणून त्याचं नाव आमी शालवाला ठेवलं. त्याला उडता येतं, पण कंबरेच्या पट्ट्यातला दिवा जळतो तोवरच. दिवा विझला की धाडकन खाली. तीन जीव मिळतात. ते संपले की पहिल्यापासून. लाईट गेली तरी पहिल्यापासून. मधून धरायची सोयच नाही.

डाव पाच आहेत, त्या म्हाताऱ्यानंच सांगितलं. रस्ता, कारखाना, पूल, बोगदा, आणि पाचव्यात पडायला आलेलं शहर. सुरतेत तिसऱ्या डावातून पुढं मी कधी गेलो नाही.

आमचा टीव्ही काळा-पांढरा. भाभी म्हणते शाल लाल असणार, थावरादादा म्हणतो हिरवी. थावरादादा म्हणजे माझा मोठा भाऊ, भाभीचा नवरा. तो हळदीच्या कढईपाशी असतो, एवढं बोलला तेच लय झालं.

बापू आज पहिल्यांदा टीव्हीपुढं येऊन बसला. बराच वेळ बघून म्हणाला, "उन्हाळा लागला. ह्याला शाल काहून?"

"तो हिरो हाय बापू."

"ह्याच्या घरी कोण कोण हाय?"

"कोणी न्हाई. एकटाच असतो."

"म्हणूनच पडून राहिला," बापू म्हणाला आणि उठून गेला.

त्याला गेममधलं काही कळत नाही.

२२ फेब्रुवारी

आठ दिवस लिहिलं नाही. हळद शिजवणं चालू आहे. कढईत कंद टाका, वाफ धरली की काढा, अंगणात पसरा. तांडाभर पिवळं झालंय. अंगण पिवळं, शेळ्यांचे पाय पिवळे, भाकरीवर बोटं पिवळी.

एक गोष्ट कोणाला सांगितली नाही, इथं लिहितो. बाळापूरच्या चहाच्या टपरीवर हरिचंद उस्ताद भेटला. नांदेडचा ड्रायव्हर, मला इंदूरच्या खेपांपासून ओळखतो. वीस मार्चला, म्हणजे पाडव्याच्या आदल्या दिवशी, तो वसमतच्या घाऊक बाजारातून, मोंढ्यातून, हळद भरून गुवाहाटीला निघणार. तिथून पुढं मिळेल तसं भाडं. वर्षभर तरी माघारी नाही. "क्लीनर पाहिजे," म्हणाला, "तू येतोस का? येत असशील तर सांजच्या पाचाच्या आत मोंढ्यात ये, थांबणार न्हाई मी." मी व्हय म्हणून टाकलं.

घरी सांगायचं नाही. सांगितलं की रडारड. पण एक शपथ घेतलीय. शालवाल्याचा शेवट बघितल्याशिवाय निघायचं नाही. तीन वर्षांत एक काम पुरं केलं नाही मी, निदान हे तरी करावं. गेम घरातच ठेवून जाईन. हरलेला ठेवून जाणं बराबर दिसत नाही.

२५ फेब्रुवारी

तिसरा डाव पार. पुलाखाली उडायचं नसतं, लोंबकळत जायचं असतं. दोन दिवस मी उगीच उडत होतो.

भाकरी थापता थापता भाभीनं एकदम विचारलं, "खेमा, गुवाहाटी लय लांब हाय का रे?"

"लय लांब. ट्रकनं सात-आठ दिवस."

"तिथून फोन लागते?"

"लागत असंल. काहून?"

"असंच."

भाभी दहावी पास आहे. तिला भूगोल आवडत असावा. हुशार बाई, चुलीपाशी वाया गेली.

या डायरीच्या पानांना पिवळे ठसे लागलेत. मी तर दोन दिवस हळदीकडं फिरकलो नाही. पण या तांड्यात काय कशाला पिवळं करेल सांगता येत नाही.

२८ फेब्रुवारी

चौथ्या डावात होतो, बोगदा अर्धा झालेला, दोन जीव शिल्लक, आणि लाईट गेली. लोडशेडिंगची वेळ सकाळची, ती होऊन गेली होती. बाहेर येऊन बघतो तर शेजारी भावसिंगकाकाचा पंखा फिरून राहिलेला. देविदासला बोलावलं. तो लाईनमनच्या हाताखाली काम करतो, खांबावर माकडासारखा चढतो.

तो बघून म्हणाला, "लाईन चालू हाय. फ्यूजच न्हाई जागेवर."

"जळला?"

"जळला असता तर इथं असता ना बाबा. कोणीतरी काढून ठेवला."

"कोण काढंल?"

"ते तुमचं घर बघंल," असं म्हणून तो बापूकडं बघून हसला. बापू शेळीच्या गळ्यातली दोरी सोडत होता. ती तर आधीच सुटलेली होती.

फ्यूज ज्वारीच्या पोत्यावर सापडला. उंदीर असतील. आमच्या तांड्यातले उंदीर लय हुशार.

२ मार्च

आज पुन्हा उंदीर.

५ मार्च

फ्यूजची तार चांगली जाड घालावी म्हणून परवा तार आणायला निघालो. बाळापूरला मिळाली असती. पण एसटीत एक जण म्हणाला जवळा बाजारला कुस्त्या आहेत. एसटी बदलली. कुस्त्या दुसऱ्याच दिवशी होत्या, म्हणून राहिलो. एका पैलवानानं समोरच्याला तीनदा पाडलं आणि चौथ्यांदा स्वतःच पाय घसरून चीत झाला. त्याच्याकडं बघून मला शालवाल्याची आठवण आली, आणि मग तारेची.

आज दुपारी परत आलो. दार लोटलेलं. आतून टुंग टुंग आवाज. बघतो तर बापू टीव्हीपुढं मांडी घालून बसलेला, हातात रिमोट उलटा धरलेला, आणि शालवाला पहिल्याच रस्त्यावर भिंतीला डोकं आपटून राहिलेला. भाभी बाजूला बसून "ते नव्हं बापू, हे दाबा, हे" म्हणत होती.

मला बघून बापूनं रिमोट खाली ठेवला. "आला का," एवढंच म्हणाला.

नंतर भाभी सांगत होती, दोन दिवस त्यानं भाकर अर्धीच खाल्ली. पोट बिघडलं असेल. या दिवसांत पाण्यानं होतं.

तार आणायची राहिली.

९ मार्च

होळी झाली. लेंगीची गाणी गाऊन घसा बसला. तांड्यात होळीला जो माणूस नसतो त्याचं नाव घेऊन बाया गाण्यात टोमणे मारतात. तीन वर्षं माझं नाव होतं म्हणे. या वर्षी मी समोर होतो, तर एक काकी म्हणाली, "ह्यानं आमचं गाणं खराब केलं, बसून राहिला इथंच."

आज चौथा डाव पार झाला! पाचवा बघितला. बघून गार झालो.

शहर मागून कोसळत येतं. पुढं नदी. शालवाल्याच्या मागं सात माणसं असतात, एवढी एवढी, अंगठ्याच्या नखाएवढी. शालवाला चालला की ती चालतात. तो उडाला की ती थांबतात आणि इकडंतिकडं बघत राहतात. वरून विमानं गोळे टाकतात. मी विमानांच्या मागं लागलो, सगळी पाडली, नदीपाशी पोचलो. मागं एकही माणूस नव्हता. गेम संपला. संपला म्हणजे हरलो.

दोनदा पहिल्यापासून आलो, दोन्ही वेळा तेच. लय तकलीफ देणारा डाव आहे.

१२ मार्च

बापू आता रोज बसतो. पाचवा डाव लागेपर्यंत डुलक्या घेतो, पाचवा लागला की जागा होतो. सात माणसांत सगळ्यात मागं एक बुटका आहे, वाकून चालतो. बापूचं सगळं लक्ष त्याच्यावर.

"तो राहिला," बापू म्हणाला.

"राहू दे बापू. पुढची विमानं बघू दे."

"विमानं काय तुझ्या बापाची हायत? तो राहिला न्हवं का."

मग त्यानं सांगितलं. बापूच्या आज्याचा आजा लदेणीवर होता. शंभर-शंभर बैलांच्या पाठीवर मीठ, धान्य लादून ही माणसं मुलूखभर चालत. "पुढचा बैल कोणीबी हाकतो," बापू म्हणाला. "त्याच्या गळ्यात घुंगरं, अंगावर झूल, सगळे त्याच्याकडंच बघतात. पण लदेणी चालते मागच्या बैलाच्या पायानं. तो बसला तर सगळ्यांचा मुक्काम तिथंच. पुढं धावून कुठं जाशील? ज्याला घेऊन जायचं तोच मागं राहिला तर तू पोचला काय आन न पोचला काय."

एवढं मोठं बोलणं मी घरी आल्यापासून पहिल्यांदा ऐकलं. आवाज जरा बसलेला होता, होळीचा असेल.

सांगितलं ते गेमला लागू पडतं पण. उद्या तसं खेळून बघतो.

१३ मार्च

हळू चाललो. पाच माणसं नदीपर्यंत आली! मग मलाच राहवलं नाही, पाणी दिसलं आणि मी उडी मारली. बापूनं कपाळाला हात लावला फक्त.

१७ मार्च

तीन दिवस राहिले. पिशवीत दोन शर्ट घालून ती खाटेखाली सरकवली. आज बघितलं तर शर्ट धुऊन, घडी घालून ठेवलेले, आणि खाली शेव-चिवड्याची पुडी. मी घडी कधी घालत नाही. घाईत घातली असेल.

खरं लिहायचं तर मन लागत नाही. जायचं म्हटलं की आधी पायांना खाज सुटायची, ती सुटत नाही. राहायचं म्हटलं तर तीही भीती वाटते. इथं मी काय आहे? थावरादादाला हळद आहे, भाभीला घर आहे. मला एक शालवाला, तोही मरतो. रस्त्यावर निदान रोज नवीन गाव तरी असतं.

बापूला सांगावं का? काय सांगणार. मागच्या वेळी सांगितलं नाही तेव्हा याडी होती, ती सांभाळून घेईल असं वाटलं होतं. यावेळी कोणावर टाकू.

उंदीर मात्र पंधरा दिवस आलेले नाहीत. भाभीला बोललो तर ती म्हणाली, "त्यांनाबी शेवट बघायचा असंल."

२० मार्च, दुपार

बापू पहिल्या एसटीनं गेला. धुवट धोतर, डोक्याला नवा फेटा. कुठं गेला विचारलं तर भाभी म्हणाली, "वसमतला, हळदीचा भाव बघायला." आमची हळद अजून अंगणात वाळून राहिली आहे, ढोलात घालून घासायची आहे. भाव आत्ताच कशाला बघायचा? म्हातारपणी माणूस उगीच फिरतो.

लाईट सकाळचं लोडशेडिंग सोडलं तर गेलीच नाही. अकराला बसलो. चारची एसटी धरली तर पाचाच्या आत वसमत. पिशवी खाटेखालून काढून बाजूला ठेवली. भाभी समोर लसूण सोलत होती, पिशवी तिला दिसली. तिनं पुढचा लसूण उचलला.

सव्वादोनला पाचवा डाव लागला. एकच जीव होता.

यावेळी मी विमानांकडं बघितलंच नाही. बुटक्यावर नजर ठेवली. तो चार पावलं टाकतो आणि दम खातो. तो थांबला की मी थांबलो. वरून गोळे पडत होते, शालवाला त्याच्यावर वाकून उभा राहिला की शालीवर आदळून विझत होते. शाल त्याच्यासाठी होती! इतके दिवस मला वाटत होतं ती दिसायला घातलीय. शहर मागं पडत पडत आलं, अगदी बुटक्याच्या पाठीपर्यंत आलं. माझे हात घामानं निसटत होते. भाभीचं लसूण सोलणं बंद पडलं होतं.

नदी आली. उडालो नाही. एकेकाला पाण्यातून चालवत नेलं. सात. मोजले मी, सात.

पलीकडं पोचल्यावर शालवाला खाली बसला. ती सात माणसं त्याच्याभोवती बसली. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, काही फुटलं नाही. चिमणीच्या पायांची चार ओळी अक्षरं आली. मग पडदा काळा झाला आणि पहिला रस्ता पुन्हा लागला, विमानं दुप्पट.

मी वळून म्हणालो, "बापू, बघ..."

त्याची जागा रिकामी होती. सकाळीच गेला होता तो, मलाच भान नव्हतं.

भाभी म्हणाली, "झालं?"

"झालं."

"मग आता?"

 पिशवी उचलून खांद्याला लावली आणि ओट्यावर येऊन बसलो. चारची एसटी फाट्यावर थांबल्याचा आवाज आला, गिअर टाकल्याचा आवाज आला, निघाल्याचा आवाज आला. मी बसलेलाच. कोणी धरलं नव्हतं. बापू घरी नसताना निघायचं म्हणजे पुन्हा तेच झालं असतं, आणि तो बुटका कसा चालतो ते मी नुकतंच बघितलं होतं. एवढंच कारण. दुसरं सुचत नाही.

आता पाच वाजून गेले. हरिचंद उस्ताद मला शिव्या देत निघाला असेल. वाईट वाटून राहिलं. हलकंही वाटून राहिलं. दोन्ही एकदम कसं वाटतं माहीत नाही. बापू आला की त्याला सात माणसं सांगायची आणि गुवाहाटीचंही सांगून टाकायचं. दोन्हीतलं आधी कोणतं सांगावं ते ठरवायला लिहायला बसलोय.

त्याच दिवशी, दिवस मावळताना

फाट्याकडून हॉर्न वाजला. एसटीचा नाही, मोठ्या गाडीचा. आमच्या तांड्यात मोठी गाडी येत नाही, वाटच तेवढी नाही. कुत्री सगळी एकदम उठली.

भाभी अंगणातून ओरडून राहिली, "खेमा! आरं बाहेर ये, हरिचंद उस्ताद आले!"

मी तिला हरिचंदचं नाव कधी सांगितलं?

खिडकीतून दिसतंय. दहा चाकी, हळदीच्या पोत्यांनी भरलेली, ताडपत्री बांधलेली, बाभळीच्या फांद्या घासत आमच्या दारापर्यंत आलीय. हरिचंद खिडकीतून डोकं काढून हसतोय. आणि त्याच्या शेजारी, क्लीनरच्या जागेवर, नवा फेटा घातलेला बापू. सकाळपासून मोंढ्यात त्याच्यापाशी बसला असणार.

भावसिंगकाका विचारतोय, "भीमसिंग, हे काय आणलं रं?"

"पोरगं वर्षभर कोणासंग जाऊन राहिलं, ते बघाया नको का?" बापू म्हणतोय. "उद्या पाडवा. जेवल्याबिगर गाडी हालत न्हाई म्हणलं मी ह्याला. मग जायचं का ऱ्हायचं, ज्याचं त्यानं सांगावं. पण तोंडानं सांगावं."

गाडी वळायला जागा नाही, सगळीकडं हळद पसरलेली. बापू दार उघडून पायरीवर उभा राहिलाय आणि घराकडं बघून हाक मारतोय, "ए खेमा, बसला काय आत? चल, हात दाखव ह्याला, हळद चेंगरून राहिली!"